पंचावन्न मिनिटांचं हैदराबाद

“उडालं का न्हाई गं अजून? उडालं का न्हाई?”

किसनभाऊ फोनमध्ये एवढ्या जोरात ओरडत होते की हातात फोन नसता तरी आवाज नांदेडपर्यंत गेला असता. जागा होती हैदराबादेतल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्याचा पहिला मजला. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी तीन भाषांत पाटी. त्या पाटीखालीच किसनभाऊ उभे. धोतराचा सोगा एका हातात, फोन दुसऱ्या हातात, आणि काखेत निळ्या रंगाची फाईल अशी आवळलेली, की जणू आताच कुणी हिसकावून पळणार आहे.

“न्हाई बापू,” पलीकडून पोरीचा रडवेला आवाज. “अजून अर्धा तास म्हनून राहिले.”

दुपारचा दीड वाजत आला होता. फाईल हैदराबादला पोचली होती. फाईलमागं आम्ही दोघं पोचलो होतो. जिच्या नोकरीसाठी हा सगळा धिंगाणा, ती निर्मला मात्र नांदेडच्या विमानतळावर सकाळी आठपासून खुर्चीवर बसून होती. आम्ही रस्त्यानं गेलो होतो, ती विमानानं जाणार होती. आणि खिडकीपलीकडच्या चश्मेवाल्या साहेबांनी बजावलं होतं, तीनच्या आत कागद आणि उमेदवार दोन्ही समोर पाहिजेत, नाहीतर यादीतलं खालचं नाव वर.

हे असं उलटं कसं झालं, ते सांगतो. सगळा दोष माझ्या तोंडाचा आहे.

मी रज्जाक ड्रायव्हर. हिंगोलीत माझं नाव विचारा, लहान लेकरू घरापर्यंत आणून सोडेल. चाळीस वर्षं गाडी चालवली. आधी जीप, मग मोठी जीप, मग पांढरी कार. माझ्या हॉर्नचा आवाज ओळखून औंढ्याच्या रस्त्यावरच्या म्हशी आपसूक डावीकडं व्हायच्या, असं मी म्हणतो. म्हशींना विचारायला कुणी गेलेलं नाही. गेल्या काही वर्षांत माझा धंदा मात्र एकाच गोष्टीवर आला होता, लोकांना नांदेडच्या विमानापर्यंत पोचवणं. आमच्या जिल्ह्यात विमान उतरत नाही. विमानात बसायचं तर आधी माझ्या गाडीत बसावं लागतं. त्यामुळं मी स्वतःला निम्मा पायलट समजत असे, आणि उरलेला निम्मा कोण ते मी कधी कुणाला विचारलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय आहे? गाडी काढायची, माणूस सोडायचा, परत यायचं. तसं नाही. या धंद्यात तीन घड्याळं असतात. एक विमानाचं. नांदेडहून हैदराबाद पंचावन्न मिनिटं, नकाशावर दोरी ताणली की तितकंच अंतर. दुसरं विमानतळाचं. तिथं तास-दीड तास आधी जावं लागतं, बॅग द्या, खिसे उलटे करा, पट्टा काढा, परत घाला. आणि तिसरं घड्याळ आमच्या माणसांचं. ते दारात उभं राहून निरोप घेण्याचं. या तिसऱ्या घड्याळाला काटे नसतात. शिरड शहापूरच्या एका आजोबांना मी न्यायला गेलो, तर गाव मागं लागलं. प्रत्येक घरी चहा. सात घरी चहा पिऊन आजोबा गाडीत बसले आणि नांदेडपर्यंत चार वेळा गाडी थांबवायला लावली. तरी मी त्यांना वेळेत पोचवलं. कसं, ते पोलिसांना कळू नये म्हणून इथं लिहीत नाही.

गिऱ्हाइकं एकाहून एक. मोंढ्यातले एक हळदीचे व्यापारी, वजनदार माणूस. त्यांची सासुरवाडी देगलूरची. पहिल्यांदाच विमानानं हैदराबादला निघाले. वाटेत मला म्हणाले, “रज्जाकमियाँ, विमान देगलूरवरूनच जातं ना?”

“अगदी वरून.”

“मग दोन मिनिटं उतरवा म्हना. सासऱ्यांना रामराम घालून घेऊ.”

मी म्हणालो, “शेठजी, उतरवतील, पण जाताना विमानात पाणी देणाऱ्या बाईला सांगा.” त्यांनी सांगितलं म्हणे. ती बाई हसली, तर शेठजींनी परत आल्यावर सहा महिने माझ्या गाडीत पाय ठेवला नाही.

आणखी एकानं सिद्धेश्वरच्या धरणातली मासळी तळून, डब्यात भरून, डबा फडक्यात बांधून नेली होती. तपासणीच्या यंत्रात डबा गेला आणि पडद्यावर माशाचा काटा दिसला. सगळे तपासनीस गोळा झाले. मी बाहेर काचेतून बघत होतो. शेवटी डबा आत गेला की तपासनिसांच्या पोटात, ते मला अजून माहीत नाही. पण त्या दिवशी सगळ्यांचे हात तेलकट होते, हे मी शपथेवर सांगतो.

तर या धंद्यात माझी एक सवय होती. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला मी पहिलं घड्याळ सांगायचो, बाकीची दोन सांगायची नाही. “पंचावन्न मिनिटं! तुमच्या चुलीवरचा चहा उकळायच्या आत पोरगं हैदराबादेत!” लोकांना धीर यायचा, आणि मला तसं बोलण्यात मजा यायची.

पुसेगावच्या पुढं एक तांडा आहे. तिथं किसनभाऊंचं घर. त्यांची थोरली निर्मला नर्सिंग शिकली. तांड्यातली पहिली. पोरगी गुणी, बोलायला कमी, कामाला जास्त. तिला हैदराबादेतल्या त्या दवाखान्यातून संध्याकाळी फोन आला. उद्या दुपारी तीनच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हा. मोबाईलवरचा फोटो चालणार नाही, झेरॉक्स चालणार नाही, कागद नसले तर जागा दुसऱ्याला. जागेसाठी पोरीनं दोन वर्षं अर्ज केले होते. तिकडून एकच बोलावणं आलं होतं, ते हे.

किसनभाऊ म्हणाले, “रज्जाकभाई, तुमच्याच गाडीनं सरळ हैदराबाद करू.”

तेव्हा मी ‘बरं’ म्हणायला हवं होतं. रस्ता सरळ आहे. हिंगोलीवरून जो रस्ता नांदेडला जातो, तोच पुढं देगलूर करत हैदराबादकडं जातो. पहाटे निघालो असतो तर बाराला दवाखान्याच्या दारात. पण जीभ सुटली.

“अहो भाऊ, पोरगी नर्स होणार, आणि गाडीत हाडं खिळखिळी करून घेणार? विमानानं पाठवा! सव्वानऊचं विमान. पंचावन्न मिनिटं! बसली की उतरली. दहाला हैदराबाद, अकराला दवाखाना, बाराला नोकरी!”

निर्मलाची आई गमलाबाई चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, “पंचावन्न मिनिटं? खरं?”

“एक मिनिट जास्त लागलं तर माझं नाव बदला.”

पहाटे पावणेपाचला गाडी तांड्यात लावली. अजून उजाडायचं होतं, पण अख्खा तांडा जागा. पोरगी घराबाहेर निघाली की तांड्यातल्या बाया गळ्यात पडून सुरात रडतात. ती रीत लग्नाची. मी म्हणालो, “अहो, लग्न न्हाई, नोकरीए!” एक म्हातारी म्हणाली, “निघाली ती निघालीच ना बाबा. आमाला काय फरक?” आणि परत सूर लावला. बावीस बाया, एकेक करून निर्मलाच्या गळ्यात. दोन्ही हात गळ्यात घालायचे, म्हणून पोरीनं काखेतली निळी फाईल बाजेवर ठेवली. बाजेवर घोंगडी होती. शेवटच्या बाईचं रडून झालं, आईनं कपाळाला कुंकू लावलं, तळहातावर दही ठेवलं, आणि सव्वापाचला आम्ही निघालो. घोंगडीनं काय केलं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

कळमनुरीच्या अलीकडं असताना फोन वाजला. किसनभाऊंनी उचलला, ऐकला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

“फाईल,” ते म्हणाले.

निर्मलानं बॅग उघडली, उपडी केली. भाकरी, ठेचा, गणवेश, पावडरचा डबा. फाईल नाही.

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मागं फिरून तांड्याला जाऊन परत यायचं तर विमान गेलं. पुढं जायचं तर रिकाम्या हातानं. पोरगी रडली नाही. तिनं फक्त बॅगेची चेन तीनदा उघडून तीनदा लावली.

आता इथं धंद्याचं शहाणपण कामाला येतं. हिंगोली-नांदेड रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर मला ओळखतो. दहा मिनिटांत बाळापूरचा माधव भाडं घेऊन आला. मी आडवा उभा राहून त्याची गाडी थांबवली.

“माधव, ही माझी पोरगी समज. विमानतळाच्या दारात उतरव, आत जाताना डोळ्यांनी बघ, मगच हाल.”

“समजून घेतलं भाई.”

निर्मला त्याच्या गाडीत, मी आणि किसनभाऊ मागं फिरलो. गमलाबाईला फोनवर सांगितलं, हिंगोलीच्या नाक्यावर फाईल घेऊन या. ती दिराच्या मोटारसायकलवर मागं बसून आली. फाईल पदरात गुंडाळून पोटाशी बांधलेली.

माझं डोकं तापलेलं. मी ओरडलोच, “अहो वहिनी, गाडी निघाल्यावर फाईल दिसली कवा?”

“लगीच. गाडी फाट्यावर बी गेली नव्हती.”

“मग फोन काहून न्हाई केला? आमी पुसेगावातच असतो!”

“निघालेल्या माणसाला मागून हाक मारत न्हाईत. कामाला निघालेल्या लेकराला तर मुळीच न्हाई. फोन बी हाकच ए.”

“आन मग आता कसा केला?”

तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. “तुमी म्हनले पंचावन्न मिनिटांत हैदराबाद. मी फाईल मांडीवर घेऊन घड्याळासमोर बसले. पंचावन्न मिनिटं झाले. तुमच्या हिशोबानं पोचली म्हून फोन केला. पोचलेल्या माणसाला हाक मारायला काय हरकत ए?”

किसनभाऊ तिच्याकडं बघत राहिले, मी माझ्या चपलांकडं. ती बाई अडाणी नव्हती. पंचावन्न मिनिटांत गाडी कुठवर जाते हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं, बाजाराला दर आठवड्याला हिंगोलीला येते. पण तिला रीत मोडायची नव्हती आणि पोरीचं नुकसानही करायचं नव्हतं. दोन्हींच्या मधून निघायला तिला एक फट पाहिजे होती, आणि ती फट माझ्या थापेत सापडली. मी दोन तास म्हणालो असतो, तर ती दोन तास बसली असती. चाळीस वर्षांत हजारो थापा मारल्या, त्यातली कुणाच्या उपयोगी पडलेली ही पहिली.

फाईल घेऊन गाडी अशी सोडली की कळमनुरीत लोकांना वाटलं, विमान आज रस्त्यानंच निघालं. पण अर्धापूरला केळीच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. एक ट्रक कलला होता, केळीचे घड रस्त्याभर, आणि लोक मदत करतायत की केळी खातायत, ते सांगणं अवघड. तिथं वीस मिनिटं गेली. विमानतळावर पोचलो तेव्हा नऊला दहा कमी. निर्मला तपासणी करून आत गेलेली. दारावरचा जवान तरणाबांड, नियमाचा पक्का.

“भाऊ, ही फाईल तेवढी आत द्या. पोरीचं आयुष्य ए यात.”

“चाचा, तिकीट नसलेलं काहीच आत जात नाही. कागदसुद्धा.”

“मग कागदाचं तिकीट काढतो!”

तो हसला नाही. खिडकीपाशी जाऊन विचारा म्हणाला. खिडकीवरचा माणूस आत गेला होता. किसनभाऊ फाईल छातीशी धरून माझ्याकडं बघू लागले. सहा फुटी माणूस, पण त्या घडीला शाळेत पहिल्या दिवशी सोडलेल्या लेकरासारखा दिसत होता.

आता एक कबुली. तिथं अर्धा तास थांबलो असतो तर कळलं असतं की हैदराबादेकडं ढग दाटलेत आणि तिकडून यायचं विमान अजून आलेलंच नाही. पोरगी कुणाला तरी सांगून दारापर्यंत आली असती, फाईल घेऊन गेली असती, आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण थांबणं माझ्या रक्तात नाही. मी म्हणालो, “बसा भाऊ. पोरगी वरून जाऊ द्या, फाईल आपण खालून नेऊ.”

पुढचे साडेचार तास मी कसे काढले, ते माझ्या गाडीच्या क्लचला विचारा. पावणेतीनशे किलोमीटर. किसनभाऊंच्या मांडीवर फाईल, दोन्ही हात फाईलवर, गचका बसला की हात आधी फाईल सावरायचे, मग स्वतःला. नरसीला पोरीचा फोन, “बापू, अर्धा तास उशीर ए म्हने.” देगलूरला फोन, “अजून अर्धा तास.” पाट्यांवरची मराठी संपून तेलुगू सुरू झाली, तरी तिचा अर्धा तास संपेना. मला तर आधी आनंदच झाला. मी म्हणालो, “बरं झालं भाऊ, आपण बरोबरच पोचू.” मग बारा वाजले. मग एक. मग माझा आनंद ओसरला. कारण आता फाईल वेळेत पोचणार होती, आणि पोरगी नाही.

आणि मग तो दवाखान्यातला प्रसंग, जिथं भाऊ ओरडत होते. दोनला दहा कमी असताना निर्मलाचा शेवटचा फोन आला, “बापू, बसले. दार लावून राहिले. फोन बंद करते.” मी हिशोब केला. पंचावन्न मिनिटं. या वेळी खरी. पावणेतीनला उतरणार. मग विमानतळापासून दवाखाना, टॅक्सीनं अर्धा-पाऊण तास. म्हणजे साडेतीन. खिडकी बंद होणार तीनला.

चश्मेवाले साहेब माझ्याच वयाचे, दाढीला मेंदी, तोंडात पान. खिडकीतून फाईल घेतली, उघडली नाही.

“बच्ची किधर है?”

“हवा में है साब.”

“क्या बोल रै?”

“कागजां रोड से आए साब. बच्ची हवाई जहाज से आ री.”

त्यांनी चश्मा काढला. “मियाँ, एकीच गाँव से निकले. मोटर वाले पहले पहुँचे, हवाई जहाज वाली पीछू रह गई. मेरे को क्या समझे?”

मग मी सांगायला बसलो. अक्षरशः बसलो, खिडकीपुढच्या स्टुलावर. बावीस बाया, बाजेवरची घोंगडी, मागून हाक, आईचं घड्याळ, कळमनुरी, माधव, केळीचा ट्रक, दारावरचा जवान. एक शब्द वाढवला नाही, मीठ नाही, मिरची नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट जशी घडली तशी सांगितली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्या माणसाचा माझ्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

“हौले समझे क्या मेरे को?” साहेब म्हणाले. हौला म्हणजे तिकडच्या बोलीत खुळा. “अम्मा पचपन मिनट घड़ी देखते बैठी? केले का ट्रक? ऐसी बातां तो मेरा मामू भी नक्को करता, और वो शहर का सबसे बड़ा झूठा था.”

“अल्ला कसम साब.”

“कसम नक्को खाओ.”

तीन वाजले. शिपाई खिडकीचा पडदा ओढायला आला. किसनभाऊ उठून उभे राहिले. त्यांना हिंदी नीट येत नाही. त्यांनी फक्त दोन्ही हात जोडले आणि मराठीत म्हणाले, “साहेब, लेकरू येऊन राहिलं.”

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “ठैरो,” ते शिपायाला म्हणाले. “पर्दा नक्को डालो. इस ड्रायवर का झूठ पकड़ता मैं. बच्ची आई तो जहाज का पास दिखाना. पास नहीं निकला तो फाइल भी जाएगी, तुम दोनों भी जाते.”

म्हणजे खिडकी उघडी राहिली ती आमच्यावरच्या दयेनं नव्हे, मला उघडं पाडायच्या हौसेनं. मला काय, उघडी राहिली ना! पुढचा अर्धा तास मी तोंड बंद ठेवलं. हिंगोलीतल्या कुणाला हे सांगितलं तर ते विमानाचं मान्य करतील, पण हे नाही.

तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. निर्मला पळत आली, चपला हातात, वेणी सुटलेली. बापाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही, सरळ खिडकीपाशी.

“पास दिखाओ बेटा,” साहेब म्हणाले.

तो पास म्हणजे वीतभर कागद. लोक उतरल्या उतरल्या फेकून देतात. मी शेकड्यानं माणसं विमानाला सोडली, एकालाही कधी ‘तो जपून ठेव’ म्हणून सांगितलं नाही.

पोरीनं ओढणीनं घाम पुसला. मोबाईलचं कव्हर काढलं. त्याच्या मागं, चार घड्या करून, पास.

“याडीला दाखवायला ठेवला होता,” ती म्हणाली. याडी म्हणजे आई.

साहेबांनी घड्या उलगडल्या. वाचला. सव्वानऊची वेळ, नांदेडचं नाव, पोरीचं नाव. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, परत पासाकडं. आणि मग हा माणूस असा हसायला लागला की पानाचे शिंतोडे त्यांच्याच सदऱ्यावर. “केले का ट्रक!” ते म्हणायचे आणि परत हसायचे. हसता हसता फाईल उघडली, एकेक मूळ कागद काढला, नखानं शिक्का तपासला, आपल्या वहीत टिपून घेतलं. शेवटच्या कागदावर शिक्का मारला तो आवाज मी आजही ऐकू शकतो. विमान उतरतानाही एवढा मोठा आवाज होत नसेल.

खाली येऊन आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो. किसनभाऊंनी पहाटेपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. पोरीनं बॅगेतून आईच्या भाकरी काढल्या, एकेक हातावर ठेवली, वर ठेचा. भाऊ पहिला घास तोंडात घालून रडायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. पोरगी म्हणाली, “बापू, ठेचा तिखट ए का?” ते म्हणाले, “व्हय.” मी दुसरीकडं बघून चहावाल्याला हाक मारली. त्या चहाइतका गोड चहा मी हैदराबादेत काय, कुठंच प्यायलो नाही. आणि साखर तर त्यात नावालाच होती.

परतीचा रस्ता गाडीनंच झाला, तिघंही. पोरगी मागं झोपली, भाऊ पुढं झोपले. मी एकटा जागा, आणि मला घाई नव्हती. देगलूरला उतरून एकदा त्या शेठजींच्या सासऱ्यांना रामराम घालावा, असंही मनात येऊन गेलं.

नोकरी मिळाली. आठवड्यात पत्र आलं. तांड्यात परत बाया रडल्या. या वेळी गमलाबाई फाईल कमरेला बांधूनच रडली.

मी गाडी आता पुतण्याला दिली. डोळ्यांना संध्याकाळचं नीट दिसत नाही. पण होळीला निर्मला पहिल्यांदा सुट्टीवर येणार, हे किसनभाऊंनी आठ दिवस आधी सांगितलं, तेव्हा मी पुतण्याकडून गाडी मागून घेतली. स्वतः धुतली. मागच्या सीटला नवं कव्हर घातलं. म्हटलं, आता पगारदार नर्स आहे, विमानानं येणार, नांदेडला घ्यायला दुसरं कोण जाणार? सकाळी नऊला हिंगोलीच्या चौकात डिझेल भरून उभा होतो, तर समोरून पोरगी चालत येताना दिसली. पाठीवर बॅग, हातात मिठाईचा पुडा, पुसेगावच्या जीपकडं निघालेली.

“अगं!” मी ओरडलो. “अगं, मी नांदेडला निघालोय तुला घ्यायला! विमानानं न्हाई आलीस? पंचावन्न मिनिटं लागले असते!”

तिनं मिठाईच्या पुड्यातला एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला.

“बसनं आले चाचा. बस हिंगोलीत सोडते.”